पाळी जायच्या वयात छातीला खाज आणि कोरडेपणा : आधी खाज नेमकी कुठे आहे ते बघा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. वय ४९, डोंबिवलीहून रोज लोकलने सीएसएमटीला नोकरीला, पाळी सात महिन्यांपासून आलेली नाही, आणि गेल्या थंडीपासून दोन्ही स्तनांना खाज, स्किन कोरडी, कधी कधी कोंडा पडल्यासारखे पांढरे पापुद्रे, रात्री जास्त. खोबरेल तेल लावलं तर वरच्या बाजूला बरं वाटलं पण खाली घडीत लाल झालं. मग केमिस्टकडून शेजारणीने सांगितलेली ट्यूब आणली, चार दिवस छान, सोडली की परत तेच. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, "कॅन्सर तर नसेल ना, आणि हे दाखवायचं तरी कोणाला, लाज वाटते."

मी स्किनची डॉक्टर आहे, मुंबईतच बरीच वर्षं प्रॅक्टिस करते. ही तक्रार घेऊन बाई सहसा येत नाही हो. ती येते केस गळतात म्हणून नाहीतर चेहऱ्यावरच्या वांगासाठी, आणि सगळं झालं, प्रिस्क्रिप्शन हातात दिलं, की दाराशी जाऊन परत वळते, "डॉक्टर अजून एक विचारायचं होतं". त्यामुळे तुम्हीच एकट्या आहात असं अजिबात समजू नका.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारलंय की कोणतं क्रीम लावू. मला वाटतं तुमची अडचण क्रीमची नाहीच, अडचण ही आहे की तुम्ही सगळ्या भागाला एकच गोष्ट लावताय. स्तनाच्या वरच्या उताराची स्किन वेगळी, खालच्या घडीतली वेगळी आणि निप्पल नि त्याच्या भोवतीचा काळा भाग अजून वेगळा. वरचा भाग कोरडा पडतो, घडी ओली राहते, आणि निप्पलला जे होतं त्याचे तर नियमच निराळे. एकाला जे औषध ते दुसऱ्याला त्रास, तुमच्या तेलाचं नेमकं तेच झालं. म्हणून माझ्याकडे कोणी आली की माझा पहिला प्रश्न असतो, खाज कुठे सुटते ते एका बोटाने दाखवा. पूर्ण हात छातीवरून फिरवून "इथे सगळीकडे" असं नाही, एका बोटाने.

पण आधी भीतीचं बोलून घेऊ, कारण ती डोक्यात असेपर्यंत बाकीचं काही वाचलं जात नाही. दोन्ही बाजूंना सारखी, निप्पल सोडून आजूबाजूला, कोरडेपणासोबत, क्रीम-तेल लावलं की थोडी कमी होणारी खाज, ही कॅन्सरची नेहमीची तऱ्हा नाही. मी तुम्हाला तपासलेलं नाही त्यामुळे शिक्का मारून देऊ शकत नाही, पण लिहिलंय त्यावरून तसं वाटत नाही. ज्याची मला काळजी वाटते ते चित्र वेगळं असतं, आणि ते प्रत्येक बाईला माहीत असायला हवं.

पहिलं म्हणजे एकाच बाजूच्या निप्पलवर सुरू झालेलं एक्झिमासारखं काहीतरी. खाज, आग, ओलसरपणा, वर खपली, खपली निघाली की खाली लाल कच्चं. याला पॅजेट डिसीज म्हणतात, सर जेम्स पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जनने १८७४ साली हे पहिल्यांदा नीट मांडलं आणि आजही ते उशिरा सापडतं कारण सगळ्यांना ते एक्झिमाच वाटतं, बाईला पण आणि कधी कधी डॉक्टरला पण. ओळखायची एक खूण सांगते. साधा एक्झिमा बहुतेक वेळा निप्पलच्या भोवतीच्या काळ्या भागावर असतो, बऱ्याचदा दोन्हीकडे, आणि औषधाने जातो. पॅजेट आधी निप्पलवरच सुरू होतो, मग बाहेर पसरतो, आणि स्ट्रॉइडचं क्रीम लावून थोडा दबला तरी पूर्ण जात नाही. बहुतेक वेळा याच्या आत स्तनात कॅन्सर असतो, म्हणून एकाच निप्पलवरचं कुठलंही जखमेसारखं किंवा खपलीसारखं दोनतीन आठवड्यांत बरं झालं नाही तर तिथला छोटासा तुकडा काढून तपासायचा, जागा बधिर करून थोड्या मिनिटांत होतं ते. तिसरं क्रीम बदलून बघत बसायचं नाही.

दुसरं, एक स्तन काही आठवड्यांत भराभर सुजणं, लाल आणि गरम होणं, त्यावरची स्किन संत्र्याच्या सालीसारखी बारीक खड्ड्याखड्ड्यांची दिसणं. यात गाठ हाताला लागेलच असं नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला असं झालं तर इन्फेक्शन असू शकतं, पण पन्नाशीच्या आसपासच्या बाईला अँटिबायोटिकचा एक कोर्स देऊन आठवडा-दहा दिवसांत फरक नाही पडला तर थेट ब्रेस्टच्या डॉक्टरकडे. आणि मग त्या सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी, गाठ, काखेतली गाठ, निप्पल नव्याने आत ओढलं जाणं, त्यातून रक्ताळ पाणी येणं. यातलं काही असेल तर हे पुढचं वाचू नका, आधी अपॉइंटमेंट घ्या.

एक गोष्ट इथेच सांगते कारण ती आपल्या मुंबईतलीच आहे आणि मुंबईत लोकांना माहीत नसते. टाटा मेमोरियलने १९९८ पासून इथल्या वस्त्यांमधल्या दीड लाखाच्या आसपास बायकांवर एक अभ्यास केला, त्यात शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासायच्या, मशीन नाही काही नाही. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. सगळ्या वयाच्या बायका धरल्या तर मृत्यूंमधला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता, पण पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे जाणकार हाताने केलेली तपासणीसुद्धा या वयात किती कामाची आहे बघा. तुम्ही आता त्याच उंबरठ्यावर आहात, तर खाजेच्या निमित्ताने का होईना एकदा तपासून घ्या. मॅमोग्राफी कधी करायची ते तिथेच ठरवा, आणि करायला जाल त्या दिवशी छातीला नि काखेत पावडर, डिओ, क्रीम काही लावून जाऊ नका, त्याचे कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसतात आणि उगाच घोळ होतो.

आता कोरडेपणा. बायका मला म्हणतात, डॉक्टर मुंबईत कसली कोरडी स्किन, इथे तर घामाने जीव जातो. पण हवेत दमटपणा असणं आणि स्किनने पाणी धरून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन कमी होतं, आणि स्किनमधलं तेल, पाणी धरून ठेवणारे घटक, कोलॅजन म्हणजे स्किनला घट्टपणा देणारं प्रोटीन, हे सगळं बऱ्यापैकी त्याच्या भरवशावर चाललेलं असतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत स्किनमधलं साधारण ३० टक्के कोलॅजन कमी होतं, स्किन पातळ होते, वरचा थर पाणी निसटू देतो, आणि आधी ज्या साबणाने ज्या कापडाने काही होत नव्हतं त्यानेच आता खाज सुटते. बायका म्हणतात ना, "वीस वर्षं हाच साबण वापरतेय हो", बरोबर आहे, साबण तोच आहे पण स्किन तीच राहिलेली नाही. आणि तुमची पाळी सात महिने आली नाही म्हणजे अजून पूर्ण गेली असं धरत नाही, सलग १२ महिने नाही आली की मग गेली म्हणायचं, तोवर इस्ट्रोजेन वरखाली होत राहतं त्यामुळे खाज पण एक महिना जास्त एक महिना कमी असं चालतं. (आणि १२ महिने उलटून गेल्यावर कधी डाग जरी दिसला तरी तो पाळी परत आली म्हणून सोडून द्यायचा नाही, गायनॅककडे जायचं. विषय वेगळा आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

त्यात आपलं राहणीमान. डिसेंबर ते फेब्रुवारी मुंबईत पण सकाळची हवा कोरडी असते, ऑफिसात दिवसभर एसी, आता लोकल पण एसी, आणि घरी आलं की थकवा घालवायला गिझरचं कढत पाणी. तुमचा त्रास थंडीत सुरू झाला तो उगाच नाही. त्यावर साबण. नेहमीचा अंगाचा साबण अल्कलाइन असतो, पीएच ९-१० च्या घरात, आणि स्किनचा साधारण ५ च्या आसपास, म्हणजे जे थोडंफार तेल उरलंय तेही धुऊन जातं. काही जणी तर खाज म्हणजे इन्फेक्शन असं समजून बादलीत अँटिसेप्टिक टाकतात, वरून लूफाने घासतात. हे तीन बंद केलं तरी कितीतरी जणींना आठवड्याभरात फरक पडतो, मी औषध लिहायच्या आधी हेच सांगते.

म्हणजे करायचं काय. आंघोळ कोमट पाण्याने, पाचसात मिनिटांत. साबण काखेत, मांड्यांत, पायांना लावा, छातीला लावायची खरं तर गरजच नसते, पाणी पुरतं. लावायचाच असेल तर साबण नसलेला सौम्य बार किंवा लिक्विड, केमिस्टकडे सिंडेट बार म्हणून मागा, वास नसलेला. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. बेसन, मुलतानी माती, लिंबू, संत्र्याच्या सालीचं चूर्ण हे चेहऱ्यावर काय करायचं ते करा, इथे नको, हे सगळं सुकवतं. अंग पुसताना टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि स्किन अजून ओलसर असतानाच, दोनतीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर.

हे "ओलसर असतानाच" लोक ऐकून सोडून देतात म्हणून जरा समजावते. मळलेली कणीक उघडी राहिली की वरून सुकून तडकते, त्या सुकलेल्या वरच्या थरावर नुसतं तेल चोळलं तर ती चकाकते पण मऊ होत नाही, आधी पाण्याचा हात फिरवायला लागतो आणि मग तेलाचा. स्किनचं तेच. तेल किंवा वॅसलीन स्वतः पाणी देत नाही, आहे ते पाणी अडवतं, त्यामुळे तुम्ही रात्री झोपताना कोरड्या अंगाला खोबरेल लावत असाल तर अर्धाच फायदा होणार. खोबरेल वाईट नाही हं, उलट कोरड्या स्किनला ते चांगलं काम करतं, त्यावर अभ्यास झालेत आणि मिनरल ऑइलच्या तोडीचं ठरलंय. फक्त ते वरच्या उतारावर, आंघोळीनंतर, पातळ हात. घडीत नाही.

मॉइश्चरायझर विकत घेताना पुढच्या बाजूचं वाचू नका, मागचं वाचा. ग्लिसरीन, सेरामाइड, पेट्रोलॅटम किंवा लिक्विड पॅराफिन यातलं काहीतरी असावं आणि वास नसावा. महागडंच पाहिजे असं नाही. मे महिन्यात लोशन, डिसेंबरात जाडसर क्रीम, असा बदल करायला हरकत नाही कारण मुंबईच्या उन्हाळ्यात जाड क्रीम कोणी दोन दिवसांच्या वर लावत नाही आणि न लावलेल्या भारी क्रीमपेक्षा लावलेलं साधं लोशन बरं. युरियावालं क्रीम चांगलं असतं पण खाजवून ओरखडे पडले असतील तर झोंबतं, ते आधी भरू द्या. किती लावायचं तर बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढं क्रीम बसतं तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं, त्या हिशोबाने, दिवसातून दोनदा, आणि निदान तीनचार आठवडे. दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडायचं नाही. एक सूचना, पॅराफिन किंवा वॅसलीन मुरलेले कपडे पटकन पेट घेतात, तर रात्री लावून त्याच गाउनवर सकाळी गॅससमोर उभं राहू नका, आणि देवापुढे दिवा लावताना पण ओढणी-पदर सांभाळा.

रात्री जास्त का खाजतं? झोपताना अंग गरम होतं, त्यात या वयातला तो अचानक गरम वाफ आल्यासारखा घाम, आणि मुख्य म्हणजे दिवसभर कामात लक्ष नसतं ते रात्री सगळं तिथेच जातं. खाज आली की गार पाण्यात भिजवून पिळलेला मऊ कपडा पाच मिनिटं ठेवा, मग परत थोडं मॉइश्चरायझर, खाजवण्याऐवजी तळव्याने दाबा. नखं कापलेली असू द्या. सेटिरिझिनसारख्या गोळ्या लोक मनाने घेतात, कोरडेपणाच्या खाजेला त्यांचा फारसा उपयोग होत नाही, गुंगी येते म्हणून झोप लागते एवढंच आणि सकाळी ७:४०ची लोकल पकडताना ती गुंगी नको.

काही जणींना पुरळ नाही, कोरडेपणा पण नाही, नुसत्या मुंग्या चालल्यासारखं होतं, अंगावर, छातीवर. ते पण या काळात होतं. दिसत काहीच नाही म्हणून घरचे "मनाचे खेळ" म्हणतात. मनाचे नाहीत.

आता घडी, म्हणजे तुमचं जे लाल झालंय ते. इथे कोरडेपणा नाही, उलट घाम साठतो, स्किन स्किनला घासते, गरम नि ओलं राहतं आणि त्यात बुरशी वाढते. ठसठशीत लाल, ओलसर, कडेला बारीक बारीक लाल पुटकुळ्या पसरलेल्या, असं असेल तर बहुधा कॅन्डिडा नावाची बुरशी. आणि गोल कडा, कडेला जास्त लाल आणि खवलेदार, मधे जरा निवळलेलं, हळूहळू मोठं होत जाणारं, असं असेल तर दाद, ज्याला आपण गजकर्ण म्हणतो. या दोन्हीत तेल लावणं म्हणजे ओलाव्याला झाकण घालणं. घडी कोरडी ठेवा. आंघोळीनंतर स्तन उचलून नीट टिपा, पंख्याखाली दोन मिनिटं थांबा, मग ब्रा. घाम फार असेल तर जुन्या मऊ सुती साडीचा स्वच्छ पट्टा घडीत ठेवायचा, ओला झाला की बदलायचा, ऑफिसच्या पर्समध्ये दोन जास्तीचे. टाल्कम पावडर नको, घामाबरोबर तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच टोचतात. पावसाळ्यात तर हा भाग सांभाळावाच लागतो, जून ते सप्टेंबर मुंबईत ब्रा नीट वाळतच नाही, वरून कोरडी वाटते पण इलॅस्टिक दमट असतं, तर ती इस्त्री फिरवून किंवा पंख्याखाली पूर्ण वाळवून घाला, आणि एक दिवसाआड धुतली तर चालेल असं नको, रोज.

औषध म्हणून नुसतं क्लोट्रिमॅझोल असलेलं साधं क्रीम, दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे, दिसायचं बंद झाल्यावर पण आठवडाभर. पण खूण पटत नसेल किंवा दोन आठवड्यांत हललं नाही तर दाखवा, कारण गेल्या काही वर्षांत आपल्याकडची दाद भलतीच हट्टी झालीय, पूर्वी ज्या गोळ्यांनी जायची त्यांना दाद देत नाही. आणि घडीतलं हे परत परत येत असेल तर शुगर तपासा. कितीतरी जणींचा डायबेटिस पहिल्यांदा असाच कळतो.

तुमच्या त्या ट्यूबबद्दल. नाव तुम्ही लिहिलं नाही, पण चार दिवस छान आणि सोडली की परत, ही वागणूक ओळखीची आहे. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असलं काही आहे का बघा, ही स्ट्रॉइड्स. आपल्याकडे स्ट्रॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र कोंबलेली क्रीम्स मिळतात. स्ट्रॉइडमुळे लाली आणि खाज लगेच बसते म्हणून वाटतं औषध लागू पडलं, आत दाद मात्र आरामात पसरते, तिचा चेहरामोहरा बदलतो आणि मग आम्हाला पण ओळखायला कठीण जातं. घडीतली स्किन आधीच पातळ, त्यावर महिनोन्महिने हे लावलं की कायमचे पट्टे पडतात, रक्तवाहिन्या दिसायला लागतात, आणि ते परत भरून येत नाही. २०१८ मध्ये सरकारने अशी स्ट्रॉइड क्रीम्स प्रिस्क्रिप्शनशिवाय विकू नये अशा यादीत घातली, तरी काउंटरवर मागितली की मिळतात, हे तुम्हाला मला दोघींना माहीत आहे. स्ट्रॉइड विष नाही, एक्झिमाला मी स्वतः सौम्य स्ट्रॉइड काही दिवसांसाठी देते, पण कुठे, कुठलं, किती दिवस, हे बघून ठरवायचं असतं. शेजारणीचं तिच्यासाठी बरोबर असेलही.

मग जे वर पण नाही नि घडीत पण नाही. खाज जिथे आहे त्याच्या आकाराकडे बघा, आकार बरंच सांगतो. ब्राच्या पट्टीखाली सरळ रेघेत असेल तर इलॅस्टिकचं रबर किंवा घट्ट साइझ. पाठीवर हुकच्या जागी असेल तर हुकमधलं निकेल. कपच्या आतल्या लेसएवढ्याच भागात असेल तर नायलॉन, किंवा नीट न निघालेली डिटर्जंट पावडर, एकदा जास्त पाण्यातून काढून बघा. काखेकडच्या बाजूला असेल तर डिओ. आणि दोन स्तनांच्या मधे, बोटभर जागेत काळपट खवलेदार चट्टा असेल तर माझी नजर पहिल्यांदा मंगळसूत्राकडे जाते. लोकलच्या गर्दीत सोन्याचं नको म्हणून बायका एक ग्रॅमवालं नाहीतर नकली घालतात, त्यात निकेल असतं, घाम आला की ते सुटतं आणि अ‍ॅलर्जी होते. साडीची सेफ्टी पिन ब्लाउजला आतून लावतात, ती पण. सुट्टे पैसे रुमालात बांधून ब्लाउजमध्ये ठेवायची सवय तर आमच्या आयांच्या पिढीपासून आहे. मी बायकांना सांगते तीन आठवडे सुती दोऱ्यात ओवलेले मणी घाला, धातू नको, आणि मग बघा, चट्टा फिकट झाला तर उत्तर मिळालं. सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही बघा, गरज पडली तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा.

ब्राच्या साइझबद्दल एकच वाक्य, पाळी जायच्या काळात वजन नि आकार बदलतो आणि आपण दहा वर्षांपूर्वीचाच नंबर मागतो, तर एकदा मापून घ्या. सुती, तार नसलेली, आणि घरी आल्यावर काढून ठेवायची.

घरात अजून कोणाला रात्री खाज सुटते का हे पण विचारा. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती आणि बायकांमध्ये निप्पलच्या आसपास बारीक पुटकुळ्या नि रात्रीची भयंकर खाज, ही खरजेची, म्हणजे स्कॅबीजची लक्षणं. ती पाळीशी संबंधित नाही, आणि तिला एकटीने औषध लावून जात नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं.

खाज नुसती छातीला नाही तर हातापायांना, पाठीला, सगळीकडे असेल आणि महिनाभर मॉइश्चरायझर नीट लावून पण हटत नसेल तर मी काही साध्या रक्ततपासण्या करायला सांगते, सीबीसी, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, शुगर, किडनी, लिव्हर. थायरॉइड आणि लोहाची कमतरता या वयातल्या बायकांमध्ये इतकी सर्रास असते की बरेचदा "पाळीमुळे" म्हणून सोडून दिलेलं तिथे सापडतं. बीपीच्या, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनी पण स्किन कोरडी पडते, तर काय काय चालू आहे ते सांगा, आयुर्वेदिक-होमिओपॅथिक धरून.

आता हॉर्मोनच्या गोळ्या, कारण कोणीतरी तुम्हाला सांगणारच. इस्ट्रोजेन घेतल्याने स्किनला फायदा होऊ शकतो हे खरं, पण फक्त खाजेसाठी मी कोणाला त्या घ्यायला सांगणार नाही. गरम वाफा, झोप उडणं, योनीमार्गाचा कोरडेपणा हे सगळं मिळून जगणं अवघड झालं असेल तर गायनॅकशी बसून बोला, घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर होता का, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास आहे का, हे बघून ती ठरवेल. योनीमार्गासाठी दिलेली इस्ट्रोजेनची क्रीम छातीला चोळू नका, हे सांगावं लागतं कारण एक-दोघींनी केलेलं बघितलंय. प्रिमरोजच्या कॅप्सूल सर्रास लिहिल्या जातात, एक्झिमावर त्यांचा फायदा अभ्यासात दिसलेला नाही, पैसे वाचवा. आणि ते "ब्रेस्ट टाइट करणारे" मसाज तेलं-क्रीम, इन्स्टावर दिसतात ती, खाजणाऱ्या स्किनवर तर मुळीच नको, त्यात वास आणि गरम पडणारे पदार्थ भरपूर असतात.

तर तुमच्यासाठी, आजपासून : ट्यूब बंद. वरच्या उताराला आंघोळीनंतर मॉइश्चरायझर, घडीत तेल नाही, तिथे कोरडं आणि साधं बुरशीचं क्रीम, कढत पाणी नि साबण छातीपुरता बंद, मंगळसूत्र-पिनांची चाचणी. तीनचार आठवडे द्या. पण दाखवायला जायचं त्यासाठी तीनचार आठवडे थांबू नका, दोन्ही सोबत चालू द्या, कारण ट्यूब वापरून झालीय आणि घडीत नेमकं काय आहे ते कोणीतरी डोळ्यांनी बघायला हवं.

कोणाला दाखवायचं, तर स्किनच्या डॉक्टरला. खाजगीत जायचं नसेल तर केईएम, सायन, नायर, कूपर सगळीकडे स्किनची ओपीडी आहे, आणि तुम्हाला डोंबिवलीहून सायन सोपं पडेल. केसपेपर काढताना नुसतं "स्किन" म्हणा, काउंटरवर कोणाला कारण सांगायची गरज नाही. आत गेल्यावर लेडी डॉक्टर हवी असं स्पष्ट बोला, मिळाली नाही तर तपासताना सिस्टर बाजूला उभी राहू दे म्हणा, हा तुमचा हक्क आहे आणि कुठलाही धड डॉक्टर त्यावर कपाळाला आठी घालत नाही. पुढे हुक असलेला ब्लाउज किंवा शर्ट घालून जा म्हणजे सगळं काढायला लागत नाही. दाखवायच्या आधी दोनतीन दिवस तिथे औषधी क्रीम लावू नका, म्हणजे बुरशी तपासायला खरवडून घेतलं तर नीट कळतं. आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून घेऊन जा, संपलेल्या पण, शेजारणीची असेल तर तिचीही. नावं तोंडी सांगताना हमखास चुकतात.